तेका तेल पिऊंक दी

पाना नटावर नीट बसला होता. मी गाडीखाली डाव्या कुशीवर पडून दोन्ही हातांनी त्याची दांडी ओढत होते आणि नट हलत नव्हता. घट्ट आवळलेला नट आणि गंजाने धरलेला नट यांतला फरक हाताला लगेच कळतो. घट्ट नट आधी ओढ देतो, थोडा ताणतो आणि मग 'टक्' करून सुटतो. धरलेल्या नटाला पाना लावला की चिरेबंदी जोत्याला खांदा लावल्यासारखं वाटतं. नट, बोल्ट आणि मधला पत्रा हे तिघे वेगळे राहिलेलेच नसतात.

गणपती जाऊन आठवडा झाला होता आणि पावसाने जरा उघडीप दिली होती. गाडीच्या मागच्या डाव्या बाजूने दोन महिने आवाज येत होता. प्रत्येक खड्ड्यात एक कोरडा 'खट्'. डिकीवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. आमची दोन-तीनदा होडीसारखी डोलायची. वाकून पाहिलं तर शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला पट्टा, त्यावर चिकटलेली लाल धूळ. आतलं तेल गळून गेलं की शॉकअप धक्का गिळत नाही, नुसता दांडा म्हणून लटकत राहतो. कुडाळला गेले होते तेव्हा नवी जोडी आणून ठेवली. काम तसं मोठं नव्हतं. वर एक नट, खाली एक नट-बोल्ट, जुना काढायचा, नवा बसवायचा. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड बदलणं ही कामं मी गेली काही वर्षं घरच्या खळ्यातच करते. मला ती मनापासून आवडतात. ज्या गाडीवर आईला बसवून रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं, तिच्या पोटात काय चाललंय हे मला ठाऊक असावं असं वाटतं.

वरचा नट डिकीच्या आत, कोरड्यात. तो तक्रार न करता सुटला. खालचा चाकाच्या मागे, रस्त्यावरचं सगळं पाणी आणि चिखल अंगावर घेणारा. १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट, त्याला १७ नंबरचा पाना. त्याचा रंग बघूनच मी ओळखायला हवं होतं. तो लालही नव्हता. काळपट तपकिरी, खपली धरलेल्या जखमेसारखा, आणि बोल्टाच्या बाहेर आलेल्या टोकावरचे आटे दिसतच नव्हते.

आमचं घर मालवणजवळ, रात्री समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येईल इतक्या अंतरावर. इथे लोखंडाशी संसार करणं म्हणजे काय, ते घाटावरच्या माणसाला सांगून कळत नाही. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी घासून रंगवावे लागतात. पंख्याच्या पात्यांवर ठिपके उठतात. स्लॅबच्या घरांची आणखी वेगळी रड. आतली सळी गंजते, फुगते आणि छताचे पोपडे खाली पाडते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, म्हणून सिमेंटला तडे जातात. नटाच्या आत नेमकं हेच घडतं. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट केसाच्या जाडीच्या आसपास. तिथे जो काही गंज धरेल त्याला फुगायला जागाच नसते, मग तो दोन्ही बाजूंना दाबत राहतो. पाचर ठोकून बसवावी तसा.

आणि हे व्हायला पाऊसच लागतो असं नाही. आईच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. पावसाळ्यात तिच्या तळाशी पाणी सुटतं, म्हणून ती त्यात तांदळाचे चार दाणे टाकते. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळायला लागतं. आमच्याकडे वर्षातले कितीतरी दिवस हवा त्याहून ओली असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. लाटा फुटतात, त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर येतात आणि गाडीच्या पोटाला मिठाचा एक न दिसणारा थर बसतो. तो थर उन्हातही ओलावा धरून ठेवतो. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज चढणं हा मुळात विजेचाच खेळ आहे. लोखंडाच्या एका ठिपक्यावरून इलेक्ट्रॉन निघतात, शेजारच्या ठिपक्यावर पोचतात. मीठ त्यांची वाट सोपी करतं. गोड्या पाण्यात जे काम हळूहळू होतं ते इथे झपाट्याने होतं.

तर त्या सकाळी मी पान्याच्या दांडीत मीटरभर लांबीचा पाइप अडकवला. असा पाइप जवळपास प्रत्येक गॅरेजात कोपऱ्यात उभा असतो. त्यामागचा हिशेब साधा आहे. एवढा बोल्ट आवळायला साधारण ८ किलोग्रॅम-मीटर बळ पुरतं, म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३२ किलोंचा भार. तोच भार मीटरभर पाइपच्या टोकाला दिला की चौपट बळ होतं, आणि चौपटीला हा बोल्ट टिकत नाही. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिला ८ त्याची ताकद सांगतो, आणि पॉइंटनंतरचा ८ सांगतो की त्या ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत ओढलं तर तो परत मूळ लांबीला येईल. त्याच्या पुढे गेलं की कायमचा ताणला जाईल आणि मग तुटेल. हे सगळं मला माहीत होतं. तरी पाइप लावला, कारण सकाळचे दहा वाजले होते आणि दुपारपर्यंत काम उरकायचं मनात होतं.

पाइप ओढला तसा पाना 'खर्र' करून नटावरून घसरला. माझी बोटं चाकाच्या कमानीवर आपटली. रिंग पान्याच्या आत बारा खाचा असतात. तो कुठूनही चटकन बसतो, पण नटाला फक्त कोपऱ्यांवर धरतो. गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच मऊ झालेले असतात. दोन कोपऱ्यांची कड जाऊन तिथे पांढरं, चमकतं लोखंड दिसायला लागलं. सहा कोनी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, पूर्ण बाजू धरते. असल्या नटाला पहिल्यापासून तीच लावायला हवी. मी ती मांगरात ठेवून आले होते.

बोटं पाण्याखाली धरून उभी होते तेव्हा मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तीसेक वर्षं मासेमारीच्या बोटींवर इंजिन सांभाळलं त्याने. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून किनाऱ्यावर बसून इतरांची इंजिनं दुरुस्त करतो. तो आला आणि आधी गाडीखाली न बघता जॅककडे बघत राहिला. आमचं खळं शेणाने सारवलेलं. पावसाळ्यानंतर वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते आणि जॅक एका बाजूने रुततो. मी खाली फणसाची जाड फळी घातली होती, पुढच्या चाकांना मागून-पुढून उटी लावली होती आणि शिवाय लोखंडी स्टँड दिला होता. त्याने मान हलवली. आमच्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि माणसं सरळ गाडी चिऱ्यावर टेकवून खाली शिरतात. चिरा भिंतीत, सगळीकडून भार आला तर शंभर वर्षं उभा राहतो. पण एका टोकावर, एका बिंदूवर भार आला तर तो अचानक दुभंगतो. असं कुणी करताना दिसलं तर कृपा करून थांबवा. मी तर थांबवतेच, ओळख असो-नसो.

मग मामाने नटाला हात लावला. पान्याने नव्हे, अंगठ्याने. खपलीवरून अंगठा फिरवला, चमकत्या कोपऱ्यांवर थांबला.

"जोर कित्याक करतंस गो? मोडतलो तो."

"मग काय करू, मामा? हलतच नाय तो."

"तेका तेल पिऊंक दी. आज बोट लावचां नाय."

त्याने घरून एक चेपलेला पत्र्याचा डबा आणला. निम्मं डिझेल, निम्मं पातळ हायड्रॉलिक तेल. माझ्याकडे डब्ल्यूडी-४० चा स्प्रे होता, तोही वाईट नाही. पण त्याचं नावच त्याचं काम सांगतं. १९५३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर पाणी टिकू नये म्हणून तो तयार केला गेला आणि नावातले इंग्रजी डब्ल्यू-डी 'पाणी हटवणारा' एवढंच म्हणतात. चाळिसाव्या प्रयत्नाला जमला म्हणून चाळीस. आट्यांच्या आत खोल शिरायला आणि तिथे टिकून राहायला मामाचं मिश्रण बरं. पातळ डिझेल वाट काढतं आणि मागोमाग तेल आत जातं.

पण तेलाआधी त्याने माझ्या हातात तारेचा ब्रश दिला. नटाबाहेर आलेलं बोल्टाचं टोक घासायला. हे मला तोवर खरंच कळलेलं नव्हतं. आपण नटाच्या आतल्या गंजाचा विचार करतो. पण नट सुटून बाहेर येणार तो याच उघड्या आट्यांवरून, आणि त्यांच्यात साचलेला गंज त्याला वाटेत पुन्हा धरणार. अर्धा तास घासलं. ब्रशच्या तारांनी पहिल्यांदा नुसती पूड पडली, मग काळं काहीतरी निघालं आणि मग एकेक आटा दिसायला लागला. जुन्या देवळाच्या दगडावरचं शेवाळ खरवडल्यावर खालची अक्षरं दिसावीत तसा. सव्वा मिलिमीटरला एक आटा. १० मिलिमीटर उंचीच्या नटात असे आठ फेरे असतात, म्हणजे आत आठ फेऱ्यांची एक लांब, गोल गोल फिरणारी अरुंद गल्ली, गंजाने बुजलेली. तेलाला त्या गल्लीतून जायचं होतं.

ते जातं ते आपल्या जोरावर जात नाही. केशाकर्षणाने जातं. समईत वात ठेवली की तेल आपोआप वर चढतं आणि ज्योतीपर्यंत पोचतं, तेच. फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. पण ओढ जास्त असली तरी वेग कमी, कारण बारीक फटीतून जाड द्रव सरकायला वेळ घेतो. म्हणून थांबायचं. मामा तासा-दोन तासांनी येऊन ठिपके टाकत होता आणि प्रत्येक वेळी हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके टोले देत होता. पलीकडच्या बाजूला दुसरा जड हातोडा ऐरणीसारखा टेकवायचा आणि अलीकडून मारायचं, म्हणजे मार नटात मुरतो, पत्र्यात जात नाही. गंज ठिसूळ असतो. लोखंड लवचीक असतं, मार सोसतं. गंजाला मात्र बारीक बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेलाला नवी वाट मिळते.

मी विचारलं, गॅसने तापवला तर? तापवण्यात तथ्य आहे. नट तापला की त्याचं भोकही मोठं होतं. १२ मिलिमीटरचं भोक दोनशे अंशांनी तापवलं तर सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढतं. ऐकायला काहीच नाही, पण ज्या फटीची आपण गोष्ट करतोय तिच्या मापाने ते पुष्कळ आहे. मामाने गाडीखाली बोट दाखवलं. शॉकअपच्या डोळ्यात रबरी बुश, शेजारून जाणारी ब्रेकची नळी, वर सीटखाली पेट्रोलची टाकी. त्यात आम्ही सकाळपासून तेलाने भिजवलेला नट. त्याने एवढंच दाखवलं. मी तो विचार सोडला.

संध्याकाळी पडवीत बसलो होतो. आईने चहा आणि घावणे आणले. मामाला मी विचारलं, तुला इतका धीर कुठून आला? कारण तसा तो शांत माणूस नाही. पत्ते खेळताना हरला तर पानं फेकतो.

मग त्याने सांगितलं. तरुण असतानाची गोष्ट. रात्री परत येताना इंजिन बंद पडलं. डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. हे बोटीवर नेहमीचं. फिल्टरवर एक छोटा बोल्ट असतो, तो सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे संपून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचा. पाच मिनिटांचं काम. बोल्ट सुटेना. किनाऱ्यावर कुणीतरी तो कोरडाच आवळला होता आणि हंगामभर खाऱ्या हवेत त्याला कुणी हात लावला नव्हता. मामाने जोर केला. बोल्टाचं डोकं तुटून त्याच्या हातात आलं. आमच्या किनाऱ्याला पाण्याखाली खडक पुष्कळ, आणि बोट हळूहळू जमिनीकडे सरकत होती. नांगर टाकला, तो धरला हे नशीब. उरलेली रात्र त्याने विजेरीच्या उजेडात, छिन्नीच्या टोकाने, तुटलेला तुकडा ठक ठक करत उलटा फिरवण्यात घालवली. उजाडताना तो निघाला. त्या रात्री बोटीवर किती माणसं होती, ते त्याने मोजून सांगितलं. सात.

तो गेल्यावर मी बराच वेळ पडवीच्या पायरीवर बसून होते. पाय टेकलेले होते ते जांभ्याच्या चिऱ्यावर. या दगडाचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे एका अर्थाने गंजाचाच. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने मलबारातला हाच दगड पाहून त्याला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिलं, कारण तिथली माणसं तो विटेसारखा कापून वापरत होती. खाणीतून निघतो तेव्हा जांभा मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्याराने तासता येतो. हवा-ऊन लागलं की कडक होत जातो. म्हणजे तीच हवा आणि तेच ओलं ऊन दगडाला पक्कं करतात आणि नटाला खातात. आमचं सगळं घर, विहिरीचा काठ, तुळशीचं वृंदावन, गडगे, या लाल दगडाचं. लहानपणापासून मी गंज म्हणजे नुकसान असंच ऐकत आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मनात आलं की गंज नुसता खात नाही, तो धरतोही. दोन वस्तू वर्षानुवर्षं एकमेकींना टेकून, न हलता राहिल्या की त्यांच्यामध्ये काहीतरी वाढतं आणि ते दोघींपेक्षा कडक होतं.

समोर पाण्यापलीकडे सिंधुदुर्गाच्या तटाची काळी रेघ दिसत असते, पण आमच्या पायरीवरून नव्हे. त्यासाठी बंदरावर जावं लागतं. तरी आठवण झाली, कारण शाळेत असल्यापासून ऐकलेलं, की १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर कामाला सुरुवात केली तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतलं गेलं. लहानपणी मला वाटायचं, शिसं जड म्हणून. जड आहेच. पण शिशाचा आणखी एक गुण आहे. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगावर जो थर बसतो तो दाट, चिकटून राहणारा असतो, आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्यातून पाणी आत झिरपत राहतं आणि खाणं थांबत नाही. समुद्राशी वागायची रीत धातूधातूची वेगळी. मामा बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतो. समुद्र आधी जस्त खातो, म्हणून पोलाद वाचतं. वर्षाने ठोकळा काढला तर बिस्किट पाण्यात बुडवल्यासारखा उरलेला असतो. तो टाकायचा आणि नवा लावायचा. ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्यासाठी सांगितली. मामाला ती त्याच्या तांडेलाने शिकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटी लावली. सहा कोनी, हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण बसवली.

"आदी वायच आवळ."

सोडवायचा नट आधी आवळायचा. पूर्ण जोराने नव्हे, फक्त त्याची समजूत काढायला. ज्या दिशेने गंजाने त्याला धरलंय त्याच्या विरुद्ध ओढण्याआधी दुसऱ्या दिशेने जरासा हिसका दिला तर तडा पहिल्यांदा तिकडे जातो. मी आवळला. काही झालं नाही. मग सैल करायच्या बाजूला. गाडीखाली उताणं पडलं की डावं-उजवं गोंधळतं. तेव्हा एकच लक्षात ठेवायचं, की नटाचं तोंड आपल्याकडे आहे असं समजून घड्याळाच्या उलट. पुन्हा आवळायच्या बाजूला. पुन्हा उलट. दांडीला पाइप नाही, हिसका नाही, नुसता सावकाश वाढत जाणारा भार. मामा बाहेर पाटावर बसून ऐकत होता. बघत नव्हता, ऐकत होता.

आणि मग हाताखाली काहीतरी सरकलं. इथे पुष्कळजण फसतात, मीही आधी फसलेय. तुटायच्या आधी बोल्टही असाच सरकतो. पण त्या सरकण्यात एक मऊपणा असतो, ओली माती पिळावी तसा, आणि जोर कमी केला की ते थोडं मागे येतं. इथे तसं नव्हतं. एक कोरडा, चिरका, लांबलेला आवाज आला. जुन्या देवळाच्या दाराची बिजागरी पहाटे उघडताना येते तसा. आणि पाना जिथे सरकला तिथेच थांबला. मागे आला नाही.

"इलो," मामा म्हणाला.

पाव फेरा. मग परत आत अर्धा पाव. तेल. पुन्हा बाहेर. एका दमात काढायची घाई केली तर चुरडलेला गंज आट्यांत अडकतो, नट तापतो आणि दुसऱ्यांदा धरतो, पहिल्यापेक्षा घट्ट. मध्ये एकदा मामाने हात घालून नटाला बोट लावलं. कोमट होता. पाच मिनिटं थांबायला लावलं. आट्यांतून बाहेर येणारं तेल नाचणीच्या पेजेसारखं झालं होतं, दाट, तपकिरी, कणीदार. आठ फेऱ्यांना पाऊण तास लागला. शेवटचे दोन फेरे मी बोटांनी काढले.

नट हातात आला तेव्हा आत बघितलं. वरचे तीन आटे जवळजवळ शाबूत होते. खालचे झिजून त्यांची धार गेली होती. एवढासा नट, आणि त्याने दोन माणसांचे दोन दिवस घेतले. त्याचा राग आला नाही. त्याला धरून ठेवायलाच बसवलं होतं.

मग उजवी बाजू. मी तारेचा ब्रश, डबा, दोन हातोडे, गोटी सगळं तिकडे नेऊन मांडलं. शॉकअप जोडीने बदलायचे असतात. एक नवा आणि एक जुना असला तर गाडी वळणावर एका अंगाला झुकते. गोटी बसवली. आधी आवळायच्या बाजूला भार द्यायचा म्हणून हात लावला, आणि उलट दिशेला एकदा चाचपून पाहिलं, आणि नट फिरला. एका हाताने. टक्.

मी हात तसाच धरून थांबले. मग बोटांनी फिरवत नेला. आठ फेरे, मिनिटभरात. बोल्ट बाहेर ओढला तर त्याच्यावर पिवळसर, मधासारखं ग्रीस, आतपर्यंत, आणि त्याखाली आटे काल बसवल्यासारखे. तेच सहा पावसाळे, तोच रस्ता, तीच हवा. गाडीच्या दोन बाजूंमध्ये दीड मीटरचं अंतर.

आईला विचारलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, डावा शॉकअप रस्त्यात गेला होता, सहा वर्षांपूर्वी, तुझे बाबा चालवत होते तेव्हा, आणि वाटेतल्या कुठल्याशा गॅरेजात तेवढा एकच बदलून घेतला. घरी आल्यावर मामा चिडला, एकच कसा बदलला म्हणून, आणि महिन्याभराने उजवा त्याने स्वतः इथेच खळ्यात बसवला.

मी मामाला तो बोल्ट दाखवला. त्याने हातात घेतला, उन्हाकडे धरला, ग्रीस अंगठ्याने पुसलं.

"तू लावलंस हां ग्रीस. आठवतां?"

"माका खंय आठवता! लावलंय असतलंय."

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी, नट आवळण्याआधी, त्याने डब्यात बोट बुडवलं आणि आट्यांवरून फिरवलं. दहा सेकंदांचं काम. ते करताना हा नट पुढे कोण सोडवणार हे त्याला माहीत नव्हतं. मी तेव्हा गाडीच्या कामाला हातही लावत नव्हते. वाटेतल्या त्या गॅरेजातल्या माणसाबद्दल माझ्या मनात काही राग नाही. त्याच्यासमोर दिवसाला दहा गाड्या असतील आणि त्या दहा सेकंदांचे कुणी त्याला पैसे देत नाही. पण मामाच्या त्या दहा सेकंदांची मला फार किंमत वाटली, अजून वाटते. त्या दिवसापासून मी नट आवळताना कुणाचा तरी हात डोळ्यांसमोर आणते. कधी कुणाचा, कधी कुणाचा. मोठी झालेली भाची, गाडी विकली तर तिचा पुढचा मालक, नाही तर नुसताच एक हात, तेलाने माखलेला, पावसात, विजेरी दातांत धरलेला.

नवे बोल्ट जस्ताच्या मुलाम्याचे, चंदेरी. चारही ठिकाणी ग्रीस लावलं. ग्रीस लावलेला नट कोरड्यापेक्षा सहज फिरतो, म्हणून तेवढ्याच जोरात जास्त आवळला जातो. हात थोडा आखडता घ्यायचा. चाकाच्या नटांना मात्र याच कारणासाठी लावलं नाही, ते कोरडेच आवळायचे असतात. शेवटचं आवळणं गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर भार आल्यावर, नाहीतर बुशाचं रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. डिकीवर दाबून सोडलं. एकदा वर आली आणि थांबली.

हात धुवत होते तेव्हा मामाचा नातू आला, हातात गरी घेऊन. फळीवर पडलेला जुना नट उचलून त्याने भोकातून माझ्याकडे बघितलं.

"आत्ये, ह्यो माका दी गो. शिसां संपलां."

मी दिला. त्याने तिथेच दोर नटातून ओवला, गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि पळाला. संध्याकाळी आईसाठी औषध आणायला निघाले तेव्हा तो खाडीच्या पुलावर कठड्याला पोट टेकवून उभा होता. मी गाडी हळू केली. त्याने दोर डोक्यावरून दोनदा फिरवला आणि सोडला.